शी-शूची सवय : वय पाहावे की बाळ पाहावे?

वार्षिक अहवालात ताळेबंद व विभागवार आकडेवारीबरोबर आरोग्यशिक्षणपर एक लेख देण्याचा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा निवडलेला विषय काहींना किरकोळ वाटेल, तर काहींना अहवालाच्या पानांवर अप्रशस्तही वाटेल. परंतु बालरोग बाह्यरुग्ण विभागाच्या दालनाबाहेर थोडा वेळ थांबले की एक प्रश्न हमखास कानी पडतो : "बाळ अडीच वर्षांचे झाले, अजून सांगत नाही. काय करावे?" आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांशी झालेली चर्चा आणि प्रसिद्ध झालेले अभ्यास यांच्या आधारे पुढील विवेचन केले आहे.

हा प्रश्न विचारणाऱ्या मातेवर बहुधा दुहेरी दडपण असते. घरात सासूबाई म्हणतात, "आमची मुले वर्षाच्या आत सांगू लागली होती." बाहेर बालवाडी म्हणते, "डायपरचे मूल आम्ही घेत नाही." या ओढाताणीत मुलाची तयारी आहे किंवा नाही, हे पाहायचे राहूनच जाते.

सासूबाईंचे म्हणणे खोटे नाही. दूध पाजल्यावर किंवा झोपेतून उठल्यावर बाळाला दोन्ही पायांवर बसवून "शू-शू" असा आवाज करण्याची पद्धत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. पूर्व आफ्रिकेतील डिगो जमातीत अशाच रीतीने पाच-सहा महिन्यांची बाळे कोरडी राहतात, असे निरीक्षण १९७७ साली 'पेडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. मात्र या पद्धतीत वेळ ओळखते ती आई किंवा आजी. बाळाजवळ चोवीस तास एक जाणते माणूस असेल, लंगोट सुती असेल आणि कोणी बळजबरी करत नसेल, तर त्यात काहीही गैर नाही. परंतु मुलाने स्वतः भावना ओळखणे, ती थोडा वेळ रोखणे, मोठ्यांना सांगणे आणि योग्य जागी जाऊन बसणे ही निराळी गोष्ट होय. त्यासाठी शरीर आणि मन दोन्ही परिपक्व व्हावे लागतात.

तान्ह्या बाळाचे मूत्राशय भरले की आपोआप रिकामे होते. मेंदू, मज्जातंतू व संकोचक स्नायू यांचा मेळ साधारणतः दीड वर्षानंतर हळूहळू बसू लागतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझेल्टन यांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मुलाच्या कलाने घेतलेल्या त्या शिकवणीत दिवसा नियंत्रण येण्याचे सरासरी वय २८.५ महिने भरले. पुढे २००३ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले की, २७ महिन्यांच्या आधी नेटाने शिकवणी सुरू केली तरी ती लवकर पूर्ण होत नाही. केवळ तिचा कालावधी लांबतो. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर, येथे आगाऊ भरणा केल्यावर सूट मिळत नाही.

मग तयारी ओळखावी कशी? सर्वांत बोलके लक्षण पालक बहुधा रागावण्याजोगे समजतात. मूल शी करताना दाराआड किंवा पडद्यामागे जाऊन उभे राहते, आणि घरचे त्याला लबाड म्हणतात. वस्तुतः त्या क्षणी काय होणार आहे हे त्याला आधी कळले, त्याने ते तिथवर रोखले आणि त्यासाठी एक जागा निवडली. निम्मे शिक्षण तेथेच झाले! याखेरीज लंगोट सलग दोन तास कोरडा राहणे, दुपारच्या झोपेतून कोरडे उठणे, स्वतः उकिडवे बसता व उठता येणे, चड्डी खाली ओढता येणे, ओले झाल्यावर कुरकुरणे, शी-शूसाठी ठरावीक शब्द किंवा खूण वापरणे, "चेंडू आण आणि टोपलीत ठेव" यासारखी दुहेरी सूचना पाळणे, ही लक्षणे पाहावीत. सगळी एकदम दिसतील असे नाही. बहुतेक दिसली की पुरे. दोन वर्षांच्या सुमारास मूल प्रत्येक गोष्टीला "नाही" म्हणते. तो भर ओसरेपर्यंत काही आठवडे थांबलेले बरे. धाकट्या भावंडाचे आगमन, घरबदल किंवा आजारपण यांच्या धामधुमीत तर आरंभ करूच नये.

घाईची खरी किंमत मोजावी लागते ती बद्धकोष्ठतेत. कडक शी झाली, दुखले, म्हणून मूल पुढच्या वेळी रोखून धरते. रोखल्याने ती आणखी कडक होते, आणखी दुखते. अशी मुले पाय आवळून, टाचा उंचावून, चेहरा लाल करून उभी राहतात. पालकांना वाटते ते जोर करत आहे; प्रत्यक्षात ते रोखत असते. पुढे साचलेल्या मळाच्या कडेने पातळ शी झिरपून कपडे खराब होऊ लागतात, आणि त्याला जुलाब किंवा खोडी समजले जाते. अशा वेळी शिकवणी थांबवून प्रथम बद्धकोष्ठतेवर उपचार घ्यावेत. साबणाची कांडी किंवा विड्याच्या पानाचा देठ घालण्याचे घरगुती प्रयोग टाळावेत. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध आणि जेवण नाममात्र, असा आहार असेल तर तो आधी सुधारावा.

याहून गंभीर बाब म्हणजे शिक्षा. ओल्या चड्डीपायी मुलांना मार बसतो, चटकेही दिले जातात. शी-शूवरून आलेला राग हे लहान मुलांवरील शारीरिक अत्याचाराचे एक परिचित कारण असल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. ज्या स्नायूवर मुलाचा ताबाच आलेला नाही, त्यासाठी त्याला शिक्षा करणे अन्याय्य तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे.

तयारी दिसल्यावर करायचे ते फार थोडे आहे. जमिनीवर टेकणारे छोटे भांडे आणावे. कमोड वापरायचा तर पायांखाली पाट द्यावा. पाय लोंबकळत असले तर जोर करता येत नाही. भारतीय पद्धतीच्या शौचकूपाचे भोक लहान मुलाला भयावह वाटते, आणि चाळीतील सामायिक शौचालय तर त्याहूनही. तेथे घरातील भांडेच सोयीचे. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून तेव्हा पाच मिनिटे बसवावे. झाले तर कौतुक करावे, न झाल्यास काही न बोलता उठवावे. दिवसाला ४ डायपर धरले तरी वर्षाचे १,४६० होतात, हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि त्या खर्चासाठी घाई करू नये. मुलाची शी निरुपद्रवी असते हा मोठा गैरसमज आहे. ती शौचालयातच टाकावी आणि मुलाचे व स्वतःचे हात साबणाने धुवावेत. मुलींना पुढून मागे असे पुसावे.

रात्रीचे नियंत्रण दिवसाच्या मागाहून येते आणि ते शिकवून येत नाही. पाचव्या वर्षी शंभरांतील सुमारे पंधरा मुले अंथरूण ओले करतात. त्याआधी त्याला आजार मानत नाहीत.

काही लक्षणे मात्र थांबण्याजोगी नाहीत. लघवीला जळजळ व ताप, मुलाची धार बारीक पडणे, मुलीची चड्डी सतत थेंबथेंब ओली राहणे, कमरेच्या मणक्यावर केसांचा पुंजका किंवा खळगा, शीतून रक्त जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास मुलास त्वरित दाखवावे. कोरडे राहू लागलेले मूल पुन्हा ओले करू लागले, त्यास तहान फार लागते आणि वजन घटते आहे, असे दिसल्यास त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी. बालवयातील मधुमेहाचा आरंभ अनेकदा असाच होतो.

बालवाडीचालकांना एक विनंती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत शिक्षणाचा आरंभ तिसऱ्या वर्षापासून धरला आहे. त्या वयात अधूनमधून कपडे ओले होणे स्वाभाविक आहे. प्रवेश नाकारण्याऐवजी प्रत्येक मुलाची एक जादा चड्डी दप्तरात मागवून घ्यावी.

बाह्यरुग्ण विभागात या तक्रारीसाठी येताना पालकांनी सात दिवसांची साधी नोंद लिहून आणावी : शी किती वाजता झाली, कडक होती की मऊ, लंगोट किती वेळ कोरडा राहिला आणि मुलाने काय खाल्ले-प्याले. वहीचे एक पान पुरते. मुलाला सांभाळणारी आजी किंवा बाई सोबत आल्यास अधिक बरे, कारण दिवसभराची माहिती बहुधा तिच्याकडेच असते.