पदवीच्या पुढची दोन वर्षे

आमच्या संगणक विभागात मुलींची संख्या आता मुलांच्या तोडीस तोड आहे. निकालातही त्या मागे नाहीत. परंतु बी.ई. नंतर एम.टेक. अथवा पीएच.डी.चा विषय काढला की बहुतेकींचे उत्तर ठरलेले: "घरी विचारावे लागेल." घरच्यांची काळजी खोटी नसते. वय वाढते, खर्च होतो, परगावी राहावे लागते. म्हणूनच हा विचार घरच्यांसह करावयास हवा.

राजेश्वरी चटर्जी या नावावरून कोणी त्यांना बंगाली समजेल. पण त्या कर्नाटकच्याच कन्या, जन्म १९२२ चा. त्यांनी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात गणितात एम.एस्सी. केले, अभियांत्रिकीत नव्हे! तरीही इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विद्युत विभागात त्या संशोधनास लागल्या. १९४७ साली सरकारी शिष्यवृत्तीवर बोटीने अमेरिकेस गेल्या आणि मिशिगन विद्यापीठातून १९५३ मध्ये पीएच.डी. घेऊन परतल्या. पुढे त्याच संस्थेत सूक्ष्मतरंग व अँटेना हे विषय त्यांनी शिकवले. वीस विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केली. त्यांच्या आजी, कमलम्मा दासप्पा, म्हैसूर संस्थानातील पहिल्या काही स्त्री-पदवीधरांपैकी एक होत्या, हे मला विशेष वाटते. घरात एक बाई शिकलेली असली की पुढचीला परवानगी मागताना निम्मे बोलावे लागते.

ज्यांच्या घरी अशी आजी नाही त्यांचे काय? अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत १९९५ साली मुली अवघ्या ७ टक्के होत्या. पूर्वी प्रोग्रामिंग केलेली मुले वर्गात पुढे दिसत आणि मुली बुद्धी असूनही स्वतःला कमी समजत, असे चौकशीत आढळले. विद्यापीठाने प्रवेशात पूर्वानुभवाचे महत्त्व कमी केले, नवशिक्यांसाठी वेगळा आरंभीचा पाठ्यक्रम ठेवला. २००० साली प्रमाण ४२ टक्क्यांवर गेले. मुली त्याच, बदलली ती व्यवस्था. आम्हा प्राध्यापकांनी हे ध्यानात घ्यावे.

विद्यार्थिनींनी एवढे करावे. गेट परीक्षेचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात. मध्यंतरी नोकरी अथवा लग्न झाले तरी दार बंद होत नाही. मुलींना परीक्षा शुल्क सवलतीचे असते, आणि गेटमधून मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास दरमहा विद्यावेतनाची सोय आहे. खर्चाचा प्रश्न येथे बराच हलका होतो. तिसऱ्या वर्षापासूनच परीक्षेस बसता येते. पालकांना घेऊन यावयाचे असेल तर शनिवारी दुपारी मी विभागातच असतो.