पिशवी न घेता जा

सातारा जिल्ह्यातल्या गावांत आणि वाड्यांवर घरोघरी जाऊन मी लहान मुलांसोबत काम करते. सगळी मुलं सहा वर्षांच्या आतली. कुणाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे आमच्या बोलीत सीपी. कुणी स्वमग्न, तर कुणाचं सगळंच उशिरा. या कामात नव्याने येणाऱ्या मुली विचारतात, ‘पहिल्या गृहभेटीला काय न्यायचं?’ त्यांना सांगते ते असं.

१. खेळण्यांची पिशवी नेऊ नका. ती पाहिली की आईला वाटतं, शिकवायचं सामान मॅडमकडे आहे. मग आपण उठलो की शिकवणंही थांबतं. घरात डबे असतात, झाकणं असतात, टोपलीत कांदे असतात. आत टाकणं, बाहेर काढणं, मोठं-छोटं, सगळं त्यात होतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेज गावी १९६९ साली गृहभेटींची एक पद्धत सुरू झाली. आठवड्यातून एकदा जायचं आणि मुलाला कसं शिकवायचं ते आईवडिलांना दाखवून यायचं. आपलं कामही तेवढंच.

२. व्यायाम सांगण्याआधी आईचा दिवस विचारा. पाणी, डबे, गुरं, मग दुसऱ्याच्या रानात खुरपणी. अशा बाईच्या हातात ‘रोज तीन वेळा, पंधरा मिनिटं’ असा कागद दिला, तर तो देव्हाऱ्यामागे जातो आणि तिच्या डोक्यावर अपराधाचं आणखी एक ओझं चढतं. त्यापेक्षा ती जे करतेच आहे, त्यातच बसेल असं सांगा.

सीपीच्या बऱ्याच मुलांचे पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. अशा मुलाला दोन्ही हातांवर आडवं उचलण्याऐवजी कडेवर घ्यायचं, एक पाय पुढे, एक मागे. मांड्या आपोआप फाकतात, मान सावरायची सवय लागते आणि आईचा एक हात मोकळा राहतो. भरवण्याचंही तसंच. आडवं झोपवून वरणभात भरवला की ठसका लागतो, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. दोन भिंतींच्या कोपऱ्यात मुलाला टेकवून बसवा, दोन्ही बाजूंना गोधडीच्या गुंडाळ्या लावा, हनुवटी किंचित खाली ठेवा आणि लहान चमच्याने, समोर बसून भरवा. जेवणाचा वेळ आधीपासून ठरलेला असतोच, वेगळा काढावा लागत नाही. (तरीही ठसका थांबला नाही तर डॉक्टरांना दाखवायचंच.)

३. आजीला बाजूला सारू नका. ‘ह्याचा बापबी उशिराच बोलला,’ असं ती म्हणणारच. वाद घालू नका, तपासणी तेवढी लवकर करून घ्या. मीठ-मोहरीने दृष्ट काढली तर मी काही बोलत नाही. पण फिटच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून एकदम बंद केल्या, तर मी चढ्या आवाजात बोलते. स्वमग्नता ‘बरी करणाऱ्या’ स्टेम सेलच्या जाहिरातींबद्दलही तसंच. तो उपयोग सिद्ध झालेला नाही. मीठ-मोहरीपायी कुणाची जमीन गहाण पडत नाही, यापायी पडू शकते.

४. थांबायला शिकवा. मूल बोलत नाही म्हणून घरचे त्याने मागायच्या आधीच सगळं हातात देतात. पाण्याचा पेला त्याला दिसेल असा धरायचा आणि मनात पाच आकडे मोजायचे. नजर, हात, आवाज, काहीही आलं तरी ते मागणंच. लगेच पाणी द्यायचं. घरच्यांना हे पाच आकडे फार जड जातात.

५. वडिलांना कामाला लावा. बरेच बाप दारातच उभे असतात, कारण आत त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं. कागदपत्रं त्यांच्याकडे द्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येणारं पथक मुलाला डीईआयसीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतं. पुढे दिव्यांगत्वाचा दाखला आणि युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. स्वमग्नता, सीपी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च, त्यात थेरपीही येते. लहान मुलाचा दाखला बहुधा ठरावीक मुदतीचाच असतो, तेव्हा ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायला लावा. सिव्हिल हॉस्पिटलच्या चकरा कुणालाच चुकत नाहीत. त्या बापाने मारल्या तर आईची तेवढ्या दिवसांची मजुरी वाचते.

६. ‘मॅडम, हा चालंल का?’ याला ‘होईल सगळं नीट’ हे उत्तर नव्हे, आणि ‘अवघड आहे’ हेही नव्हे. पुढच्या तीन महिन्यांत काय जमवायचं ते सांगा. आता टेकून बसतोय, मग हात टेकून स्वतः बसवू. चालण्याबद्दल आज ठाम सांगता येत नसेल, तर तसं सरळ सांगा. लोकांना ते झेपतं.

७. थोरली बहीण शाळेतून आली की तिच्याशी दोन मिनिटं बोला, पण भावाबद्दल नको.

८. आईला विचारा, झोप झाली का? स्वमग्न मुलांपैकी पुष्कळ जण रात्र रात्र जागतात, आणि त्यांच्यासोबत तीही. ‘नाही’ म्हणाली तर त्या दिवशी रजिस्टर मिटा, मुलाला अंगणात घेऊन बसा, तिला आत पडू द्या. आमच्या रजिस्टरमध्ये याला रकाना नाही. मी ‘आईशी चर्चा’ लिहिते.