प्रेसवर बसण्याआधी

चिऊ, चाकणला प्रेसशॉपमध्ये लागलीस, मनापासून आनंद झाला. पॅकिंगला घेतलंय म्हणतेस, तरी एक गोष्ट आत्ताच कानावर घालते. एखाद्या दिवशी ऑपरेटर येणार नाही आणि सुपरवायझर म्हणेल, "ताई, आजच्या दिवस प्रेसवर बसा, नुसतं पॅडल तर दाबायचंय." लगेच बसू नकोस. आधी मशिन बघ.

छोट्या युनिटमध्ये अजूनही चावीच्या क्लचचे जुने पॉवर प्रेस चालतात. पॅडल एकदा दाबलं की पंच खाली येऊन परत वर जाईपर्यंत ते मशिन कुणाचं ऐकत नाही. पाय काढून घेतलास तरी नाही. त्यात चावी झिजलेली असेल किंवा स्प्रिंग तुटली असेल तर पॅडलला हात-पाय न लावताही दुसरा स्ट्रोक पडतो. म्हणून "पाय बाजूला आहे ना, मग काढ की जॉब हातानं" असं कुणी कितीही सहज म्हटलं तरी डायमध्ये बोट घालायचं नाही. जॉब चिमट्यानं ठेवायचा, चिमट्यानंच काढायचा. अडकला तर सेटरला हाक मारायची. आणि मोटर बंद केली म्हणून निर्धास्त होऊ नकोस गं, फ्लायव्हील नंतरही बराच वेळ फिरत असतं.

"सेन्सर लावलाय" असं सांगतील. तो कोणत्या प्रेसवर लावलाय ते विचार. हवेच्या क्लचचा प्रेस मध्येच थांबू शकतो, तिथं सेन्सरचा उपयोग आहे. चावीच्या क्लचला मध्ये थांबताच येत नाही, तिथं सेन्सर असून नसून सारखा. त्या मशिनला डायपुढं पक्की जाळी हवी, पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवलेली.

दोन हातांच्या बटणांचं तर फारच जपून बघ. दोन्ही बटणं एकदम दाबली तरच स्ट्रोक पडावा, म्हणजे दोन्ही हात डायच्या बाहेर अडकलेले राहतात, हा त्यातला सगळा विचार. पण टार्गेटच्या घाईत एका बटणात लाकडाची चिपळी खोचून ठेवतात किंवा वर चिकटपट्टी मारतात. मग एक हात मोकळा, आणि तोच आत जातो. असं दिसलं तर ते मशिन चालू करायचं नाही. आधी चिपळी काढायला लाव.

"जपून काम कर" हे तुला घरी आईही सांगेल, फॅक्टरीत भिंतीवरही लिहिलेलं असेल. मला ते पुरेसं वाटत नाही. रात्रपाळीत पहाटे चारला, तोच पत्रा, तीच हालचाल करून करून कुणाचंही मन क्षणभर दुसरीकडे जातं. लक्ष गेलं तरी बोट शाबूत राहील असं मशिन हवं, आणि ते देणं मालकाचं काम आहे. धोक्याच्या भागांना संरक्षक आवरण हवं, हे 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यातच लिहून ठेवलं होतं. चालू मशिनच्या फिरत्या भागांमुळे इजा होण्याचा धोका असेल तर त्याची साफसफाई, तेलपाणी बाईमाणसाला करायला लावायचं नाही, हेही त्यातच होतं. तेव्हा जाळी मागताना संकोच कसला? ऑटो कंपन्यांना माल पुरवणाऱ्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांबरोबर 'सेफ इन इंडिया' नावाची संस्था काम करते. तिचे अहवाल वाचलेस तर कळेल, पॉवर प्रेसखाली बोटं गमावलेली किती माणसं आहेत, आणि त्यांतल्या कितीजणांना हेल्पर म्हणून घेऊन प्रेसवर बसवलं होतं.

ओढणी घरी ठेव, वेणी टोपीत खोच, बांगड्या काढ. पत्र्याची धार कापते म्हणून प्रेसवर हातमोजे घाल. पण ड्रिल मशिनजवळ गेलीस तर आधी काढून ठेव, फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचं टोक सापडलं की अख्खा हात ओढला जातो.

आणि ठेकेदाराकडून ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, नंबर पहिल्याच दिवशी घे. कामावर इजा झाली तर अमुक महिने भरलेले हवेत अशी अट नसते, पहिल्या दिवसापासून हक्क असतो, आणि बरं होईपर्यंत पगाराच्या सुमारे 90 टक्के मिळतात. "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाला तर मान डोलावून येऊ नकोस. ईएसआयचं ई-पेहचान कार्ड हातात आलं की त्याचा फोटो मला पाठव, एक प्रत माझ्याकडेही राहू दे.