मानसोपचार मध्येच का सुटतो?

मनोविश्लेषण, वर्तनोपचार, विवेकनिष्ठ उपचारपद्धती यांची वैशिष्ट्ये व मर्यादा आपण परीक्षेसाठी पाठ करतो. परंतु या सर्व पद्धतींना सारखीच भेडसावणारी एक अडचण वर्गात सहसा चर्चेला येत नाही. ती म्हणजे, उपचारासाठी आलेला माणूस दोन-तीन बैठकींनंतर येईनासा होतो. जोशुआ स्विफ्ट व रॉजर ग्रीनबर्ग यांनी २०१२ साली ६६९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सुमारे पाचांतील एक व्यक्ती उपचार अर्धवट सोडते, असे दिसून आले.

असे का व्हावे? माझे गाव पोलादपूर तालुक्यातील कापडे. आमच्या भागात मनाचे दुखणे पुष्कळदा प्रथम देवळात जाते. गाऱ्हाणे घातले जाते, कौल लावला जातो. कौलाने आजार बरा होतो असे माझे म्हणणे नाही. परंतु तेथे कोठे बसायचे, काय विचारायचे, गुरव काय करणार, हे लहान मुलालाही ठाऊक असते. समुपदेशकाच्या खोलीत शिरणाऱ्याला यांपैकी काहीच ठाऊक नसते.

शेजारच्या एका काकूंना त्यांच्या मुलाने मुंबईत उपचारासाठी नेले होते. त्या पुन्हा गेल्याच नाहीत. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "सुई नाय, गोळी नाय. मीच तासभर बोलले, त्यांनी नुसतं ऐकलं. मग परत कशाला जायचं?" त्यांना हट्टी म्हणणे सोपे आहे. पण बोलणे आणि ऐकणे हाच उपचाराचा भाग आहे, हे त्यांना आधी कोणी सांगितलेच नव्हते.

या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत झाला. रुडॉल्फ होएन-सारिक, जेरोम फ्रँक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९६४ साली प्रसिद्ध केला. चाळीस रुग्णांपैकी निम्म्यांना उपचारापूर्वी एक मुलाखत देण्यात आली. कोणाची तयारी झाली आहे, हे उपचारकांना ठाऊक नव्हते. मुलाखतीत चार गोष्टी समजावल्या गेल्या :

१) मानसोपचार म्हणजे काय;
२) रुग्णाने काय करायचे व उपचारक काय करील;
३) मध्येच टाळाटाळ करावीशी वाटेल, ते स्वाभाविक आहे;
४) चार महिन्यांत किती सुधारणेची अपेक्षा ठेवावी.

तयारी झालेल्यांची हजेरी अधिक चांगली राहिली आणि सुधारणेच्या काही मापनांवरही ते पुढे होते. मला तिसरा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. दुःखाचा विषय निघाला की काही काळ मन अधिकच जड होते. हे आधी कळले असेल, तर माणूस त्याला उपचाराचे अपयश समजत नाही.

आपल्या भागापुरता विचार केला, तर या चार गोष्टींत आणखी काही घालाव्या लागतील. पहिली गोष्ट गुप्ततेची. लहान गावात 'हे बाहेर फुटेल काय?' ही भीती मोठी असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तो रुग्णाला सांगितला पाहिजे. दुसरी, बैठकी किती व खर्च किती. तिसरी, सोबत आणणाऱ्या नातेवाइकालाही समजावणे. कारण पुढच्या वेळी एस.टी.त बसवून पाठवणारा तोच असतो. चौथी, 'पटले नाही तर न सांगता थांबू नका, येऊन तसे सांगा' अशी मोकळीक.

अर्थात, सोडून जाणाऱ्या प्रत्येकाचे कारण गैरसमजच असते असे नाही. काहींना लवकर बरे वाटते. काहींना वाट परवडत नाही. जिल्ह्याचे अलिबाग येथून शंभरावर किलोमीटर दूर आहे. अर्ध्या तासाच्या तयारीने हे अंतर कमी होणार नाही. शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या बोलता येते. परंतु तेथेही काय घडणार हे आधी कळले, तरच माणूस दुसऱ्यांदा फोन लावील.

२२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये आणि आमच्या तालुक्यातील केवनाळे, साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. अशा आपत्तीतून वाचलेल्यांपैकी काहींना पुढे अनेक पावसाळे झोप लागत नाही. त्यांच्यातला एखादा धीर करून उपचाराला गेलाच, तर तो पहिल्याच बैठकीनंतर परतू नये. मानसशास्त्र शिकणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली हे अर्ध्या तासाचे समजावणे आपल्या बोलीत लिहून काढावे, गावातल्या चार वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे आणि त्यांना न कळलेला शब्द बदलावा. एवढे काम पदवी मिळण्यापूर्वीही आपल्याला करता येण्यासारखे आहे.