डोळे मिटा आणि शब्द पाहा



श्रुतलेखन म्हटलं की पुष्कळ मुलांच्या पोटात गोळा येतो. बाई शब्द सांगतात. तो कानाला ऐकू येतो, पण वेलांटी पहिली का दुसरी हे कानाला नीट कळत नाही. ते डोळ्याला कळते. म्हणून आमच्या वर्गात आम्ही शब्द डोळ्याने पाठ करतो. त्याची रीत अशी आहे.

१) फळ्यावरचा शब्द नीट पाहा. काना, मात्रा, वेलांटी, उकार कुठे आहे ते बघा.
२) डोळे मिटा. तोच शब्द मनातल्या फळ्यावर पाहा.
३) डोळे मिटूनच बोटाने हवेत लिहा.
४) आता शब्द झाका आणि पाटीवर लिहा.
५) उघडून ताडून पाहा. चुकला तर पुसा आणि पूर्ण शब्द पुन्हा पाहा.

शब्द दिसतो का, याची एक परीक्षा आहे. तो शेवटून सांगायचा. 'पुस्तक' हा शब्द क, स्त, पु असा सांगता आला म्हणजे तो मनात दिसतो.

नुसते बघून दहा वेळा उतरवले तर हात दुखतो. एकेक अक्षर बघायचं आणि लिहायचं, मग मनात काही राहत नाही.

शब्दाला चित्र जोडले की तो विसरत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र. त्याच्या डोक्यावर रफाराची लाट आहे. 'दऱ्या' डोंगरात असतात. तिथे लाट नाही. 'दिन' म्हणजे दिवस, त्याची वेलांटी द च्या अलीकडे उभी आहे. 'दीन' म्हणजे गरीब, त्याची वेलांटी द च्या पलीकडे आहे. नदी, पाटी, भाकरी यांच्या शेवटी दुसरीच वेलांटी असते. 'आणि' हा शब्द मात्र वेगळा, म्हणून त्याचे चित्र वेगळे लक्षात ठेवावे.

याचा उपयोग फक्त मार्कांसाठी नाही. माझी आजी शाळेत गेलेली नाही. एस. टी. ची पाटी तिला दुसऱ्याला विचारावी लागायची. 'शिरोळ' आणि 'शिराळा' तिला सारखेच दिसत. शिरोळ कोल्हापूर जिल्ह्यात आणि शिराळा सांगली जिल्ह्यात. गाडी चुकली तर माणूस भलतीकडेच जाईल! मी तिला अंगणातल्या मातीत दोन्ही शब्द काढून दाखवले. शिरोळच्या र वर मात्रा आहे, शिराळ्याच्या शेवटी काना आहे. तिने डोळे मिटून बोटाने गिरवले. आता ती पाटी स्वतः ओळखते.

पालकांनो, तुम्हांला वाचता येत नसले तरी मुलांचा अभ्यास घेता येईल. पुस्तकातला शब्द आणि पाटीवरचा शब्द शेजारी धरा. दोन्ही चित्रे सारखी आहेत का, एवढेच बघा. रोज ५ शब्द पुरे. दुसऱ्या दिवशी तेच आधी विचारा.

तर मित्रांनो, आज घरी जाऊन करून पाहा.

— इयत्ता ४ थी