थंडी छतातून शिरते : पुण्यातल्या नव्या घराविषयी थोडं गणित

"पुण्यात कसली आली आहे थंडी?" असं दिल्लीकडचे रूममेट विचारतात. त्यांना जानेवारीत पहाटे पाच वाजता होस्टेलच्या टॉप फ्लोअरवर जर्नल पूर्ण करायला बसवावं. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. एवढी थंडी दरवर्षी पडत नाही हे कबूल. पण आपली खरी गंमत वेगळीच आहे. पहाटे दहा-बारा अंश असतात आणि त्याच दिवशी दुपारी तीस! सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. पुढे एप्रिलमध्ये तर पारा चाळिशीला टेकतो. म्हणजे आपला प्रश्न नुसता थंडीचा नाही, चढउताराचा आहे. हीटर आणि एसी विकत घेणं हे त्याचं सर्वांत महाग उत्तर झालं. स्वस्त उत्तर घराच्या प्लॅनमध्येच असतं, पण ते स्लॅब पडण्याआधी शोधावं लागतं. नंतर फक्त बिल भरायचं.

हा विषय डोक्यात शिरला तो मामामुळे. धायरीला त्याचं घर बांधायला निघालं आहे आणि "तू इंजिनीअर होणार ना, मग सांग" म्हणून प्लॅन माझ्यासमोर ठेवला गेला. मामा सगळी चर्चा भिंतींबद्दल करत होता. भिंती महत्त्वाच्या आहेतच, पण मी आधी छताकडे बघितलं.

का, ते सांगते. हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ गाड्यांच्या टपावर दव गोठल्याचे फोटो पेपरमध्ये येतात. गावातला पारा तेव्हा शून्याच्या बराच वर असतो, मग बर्फ कसा? निरभ्र रात्री उघडा पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. आपली स्लॅब रात्रभर नेमकं हेच करते. भिंतीसमोर शेजारची बिल्डिंग असते, झाड असतं. छतासमोर फक्त आकाश. उन्हाळ्यात याच छतावर सूर्य डोक्यावरून आग ओततो. टॉप फ्लोअरवाल्यांनी दोन्ही अनुभवलं आहे, जास्त सांगायला नको.

आता आकडे. एका चौरस मीटरमधून, आतबाहेर एक अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता जाते ती यू-व्हॅल्यू. काँक्रीटची उष्णतावाहकता सुमारे १.६ धरून, आतल्या-बाहेरच्या हवेच्या थराचा अडथळा मिळवला, तर पाच इंची उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू ४ च्या आसपास येते. दहा चौरस मीटरची खोली घ्या. आत २० अंश, बाहेर १० अंश. ४ गुणिले १० गुणिले १० म्हणजे ४०० वॅट नुसते छतातून गेले. त्याच स्लॅबवर दोन इंच दाट प्रतीचा थर्मोकोल टाकला की यू-व्हॅल्यू ०.६ वर येते आणि तेच ४०० वॅट ६० होतात. केंद्र सरकारची इको-निवास संहिता डिसेंबर २०१८ मध्ये आली. तिच्यात छताची कमाल यू-व्हॅल्यू १.२ दिली आहे. ती ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी आहे, मामाच्या घराला थेट लागू नाही. पण मोजपट्टी म्हणून वापरायला कोण अडवतं?

"आपण ब्रिकबॅट कोबा करतोच की," मामा म्हणाला. पुण्यात सगळेच करतात. चार इंच कोबा धरून परत गणित केलं तर यू-व्हॅल्यू पावणेतीनच्या आसपास अडते. कोबा पाण्यासाठी चांगला, पांघरूण म्हणून अपुरा. कोब्यावर पांढरे चायना मोझॅक लावले की एप्रिलमधलं ऊन बरंच परत फिरतं, तेही करावंच. मात्र जानेवारीच्या रात्री पांढऱ्या रंगाचा काही उपयोग नाही.

हा थर स्लॅबच्या वर टाकायचा की खाली फॉल्स सीलिंगमध्ये? माझं मत ठाम आहे: वर, वॉटरप्रूफिंगसोबत. कारण काँक्रीट नुसतं ओझं नव्हे, ती उष्णतेची टाकी आहे. शंभर चौरस मीटरची पाच इंची स्लॅब पाच अंशांनी तापली तर तिच्यात साधारण ३५ युनिट वीज भरेल एवढी उष्णता साठते. पांघरूण वरून घातलं की ही टाकी खोलीच्या बाजूला राहते. थंडीत दुपारची ऊब पहाटेपर्यंत पुरवते. एप्रिलमध्ये उलटं करायचं. दिवसा खिडक्या बंद, रात्री सताड उघड्या, म्हणजे स्लॅब गार होते आणि दुसऱ्या दुपारी आपल्याला गार ठेवते. थर खालून लावला तर टाकी पांघरुणाबाहेर पडते.

बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्यात दुपारी शिरलं की अंगाला जो गारवा लागतो, त्यामागे हीच कल्पना आहे. जाड भिंतीला तापायलाच इतका वेळ लागतो की तोवर संध्याकाळ होते. आजच्या घरात तेवढ्या जाडीला जागा नाही आणि पैसेही नाहीत. नऊ इंची विटेची यू-व्हॅल्यू सुमारे २ येते, आठ इंची सिपोरेक्सच्या ब्लॉकची पाऊणच्या आसपास. पण सिपोरेक्स हलकं असतं, उष्णता फारशी साठवत नाही. म्हणून पश्चिमेची भिंत सिपोरेक्सची आणि आतल्या भिंती विटेच्या, असं मी सुचवलं. कॉन्ट्रॅक्टरला दोन प्रकारचा माल आणायचा कंटाळा आहे, ते भांडण चालू आहे.

राहिलं ऊन. पुणे १८.५ अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भरदुपारी सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर असतो, मार्चच्या विषुवदिनी ७१.५ वर. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीच्या डोक्यालगत दोन फुटी छज्जा काढला तर मार्चच्या दुपारी त्याची सावली पावणेसहा-सहा फूट पडते, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरमध्ये सावली सव्वादोन फूटच, बाकी खिडकीतून ऊन आत येतं. फुकटचा हीटर, आणि त्याला स्विचही नाही! पश्चिमेला हा छज्जा कुचकामी, कारण तिथे सूर्य खाली येऊन समोरून घुसतो. मामाला नेमकी पश्चिमेलाच टेकडी बघायला मोठी काच हवी आहे.

काचेचं वेड लागलेल्यांना लडाखचं उदाहरण फार आवडतं. लेहजवळच्या सेकमोलच्या शाळेत जाड मातीच्या भिंती आणि दक्षिणेची काच यांवर कडाक्याचा हिवाळा निघतो, हे खरं. सेकमोलच्या संस्थापकांपैकी सोनम वांगचुक आपल्यासारखेच मेकॅनिकल शिकलेले, याचा अभिमानही वाटतो. पण तिथे थंडी हाच मुख्य शत्रू आहे. तेवढी काच धायरीला लावली तर एप्रिलमध्ये भट्टी होईल. लेहहून घ्यायचं ते दिशेचं भान आणि जड भिंतींचं तत्त्व. काचेचं माप पुण्याच्या सूर्यावरून ठरवायचं.

सोलर गीझरबद्दल एकच हिशोब देते. शंभर लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर न्यायला साडेतीन युनिट वीज लागते, रोज. त्याचं पॅनेल दक्षिणेला तोंड करून तीसेक अंशांवर तिरकं ठेवावं, म्हणजे हिवाळ्यात, जेव्हा गरज असते तेव्हा, जास्त ऊन मिळतं. त्यासाठीचा पाइप स्लॅबमधून वर न्यायची जागा मामाच्या प्लॅनमध्ये दाखवलेलीच नव्हती. ती आता लाल पेनने काढली आहे. छतावरचा थर्मोकोलही मंजूर झाला. पश्चिमेच्या काचेची रुंदी आठ फुटांवरून पाचवर आली आहे, आणि स्लॅब पडायला अजून तीन आठवडे आहेत.