लेकरू बोलत नाही, आणि कोयता निघायची वेळ झाली

दसरा जवळ आला की बीड, धाराशिवच्या डोंगरपट्ट्यातून दवाखान्यात येणाऱ्या आयांची घाई वाढते. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते, ट्रॅक्टर कधीही दारात येणार असतो, आणि त्याआधी लेकरांचं दुखणंखुपणं उरकून टाकायचं असतं. अशाच एका गावातल्या अंगणवाडी सेविकेने मला चिठ्ठी पाठवली. तिच्याकडचा एक मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, बाटलीचं झाकण तासन् तास फिरवत बसतो. शहरातल्या रुग्णालयात ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचं सांगितलं आणि आठवड्यातून तीन दिवस थेरपीला आणा म्हणाले. घरचा कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवराबायकोची जोडी, पंधरवड्यात निघणार. ‘यांनी काय करायचं, डॉक्टर?’

आठवड्यातून तीनदा शहर गाठायचं म्हणजे तीन दिवसांची मजुरी आणि दोघांचं एसटीभाडं. सहा महिने साखर कारखान्याच्या फडावर राहणाऱ्या घराला हा सल्ला देणं आणि न देणं सारखंच. म्हणून आजचं लिहिणं ज्यांच्या तालुक्यात थेरपिस्ट नाही अशा घरांसाठी आहे. त्यांच्या आसपास राहणाऱ्यांसाठी त्याहून जास्त.

आधी ओळखायचं कसं, ते थोडक्यात. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळायला हवं. सव्वा-दीड वर्षापर्यंत त्याने बोट दाखवून हवं ते मागायला हवं, आणि नुसतं मागायला नव्हे, तर ‘ते बघ’ म्हणून आकाशातलं विमानही आपल्याला दाखवायला हवं. दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडी यायला हवी. आलेले शब्द किंवा हसणं-मिसळणं पुन्हा गेलं, तर कोणत्याही वयात लगेच दाखवा. ‘याचा बापही उशिरा बोलला’ म्हणून वर्षभर थांबू नका. पहिली तपासणी कानांची. नीट ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही, आणि त्याचा इलाज वेगळा आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. संशय आला तर ते मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं आणि ही तपासणी मोफत असते. अडचण एवढीच की पथक आलं त्या दिवशी लेकरू कोल्हापूरच्या फडावर असतं. सेविकांना माझी विनंती आहे, पथकाची वाट न पाहता ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच अशा मुलांची नावं प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा.

आता दोष कुणाचा, हा विषय. घरात निदान कळलं की सासू ग्रहणाची आठवण काढते, शेजारीण दृष्टीची, आणि शिकलेला पुतण्या लसीची. तिन्ही बोटं आईकडे. लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा १९९८ सालचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला आणि तो लिहिणाऱ्या डॉक्टरचा परवानाही गेला. ग्रहणाने, नजरेने, आईच्या रागाने किंवा ती कामाला जाते म्हणून ऑटिझम होत नाही. मुख्यतः जन्माआधीच मेंदूची घडण वेगळी होते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मोबाइलचंही तसंच. त्याने ऑटिझम होत नाही, पण दिवसभर मोबाइल हातात असलेल्या मुलाशी बोलायची संधी घरच्यांना मिळत नाही, म्हणून तो काढून ठेवा. हे सगळं आईला नव्हे, सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगायला हवं. आशाताईंनी सांगितलं तर ते जास्त पटतं, असा माझा अनुभव आहे.

आणि थेरपी? २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने, डॉ. गौरी दिवाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या गटासोबत तो केला होता. दोन्हीकडची मिळून ६५ मुलं. थेरपिस्ट नसलेल्या साध्या कार्यकर्त्यांना शिकवलं गेलं. ते आई-मुलाच्या खेळाचं छोटं चित्रण करायचे आणि तेच आईसोबत बसून बघायचे: इथे त्याने तुमच्याकडे बघितलं, इथे तुम्ही थांबलात म्हणून तो बोलला. आईवडील मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. ऑटिझम नाहीसा झाला नाही, तसा दावाही कुणी केला नव्हता. पण हे काम तज्ज्ञाच्या खोलीबाहेर, आपल्याकडच्या घरांत होऊ शकतं, हे दिसलं.

घरात ते कसं करायचं? आई भाकरी थापते आहे आणि लेकरू परातीच्या कडेवरून बोट फिरवतं आहे, असं धरू. एरवी आपण काय करतो? ‘इकडे बघ. हे काय आहे? भाकरी म्हण. म्हण ना!’ प्रश्नावर प्रश्न, आणि लेकरू तोंड फिरवतं. त्याऐवजी तो काय बघतोय ते आधी बघा. शक्यतो त्याच्या समोर, त्याच्या उंचीला या. त्याच्यासारखंच आपलं बोट परातीवर फिरवा. तो थांबला की थांबा आणि मनात दहापर्यंत मोजा. हे दहापर्यंत मोजणं सगळ्यांत अवघड आहे, डॉक्टरांनाही जमत नाही. मग त्याने नजर वर केली, हुंकार दिला, हात हलवला, जे काही केलं त्याला एक-दोन शब्दांत उत्तर द्या. ‘गोल गोल.’ पीठ सांडलं तर ‘सांडलं!’ वाक्य लांबवू नका आणि हनुवटी धरून डोळ्यांत बघायला लावू नका.

मागायला शिकवायचं असेल तर मागायची वेळ आणावी लागते. बिस्किटं पारदर्शक बरणीत, घट्ट झाकण लावून, दिसतील पण हाती लागणार नाहीत अशी ठेवा. तो तुमचा हात धरून बरणीपाशी नेईल. लगेच उघडू नका, जरा थांबा. बोट, नजर, आवाज, काहीही आलं की ‘दे’ म्हणत अर्धं बिस्कीट द्या आणि पुन्हा मागायला जागा ठेवा. रडेपर्यंत ताणू नका, आणि जेवणावर हा प्रयोग मुळीच करू नका. खुणा शिकवल्या किंवा चित्रं दाखवली तर मूल बोलायचं राहील, ही भीती खोटी आहे. खुणांनी बोलण्याला मदतच होते.

पुढे काय होणार हे न कळल्याने या मुलांचा जीव फार घाबरतो. सांगून समजत नाही, वस्तू दाखवून समजतं. टॉवेल हातात दिला की आंघोळ, ताटली दिली की जेवण, चप्पल दिली की बाहेर. रोज तीच वस्तू, रोज तोच क्रम. वरातीचा डीजे, कुकरची शिट्टी, पोळ्याची गर्दी यांनी मूल कान झाकून किंचाळू लागलं तर तो हट्ट नसतो. तिथून बाजूला न्या आणि कमी बोला. मार दिला तर मूल गप्प होतं, पण त्याचं ऐकणं त्याहून जास्त बंद होतं.

इथवर वाचून एखाद्याला वाटेल, चला, आईला शिकवलं की काम झालं. माझ्या व्यवसायातल्या लोकांना आईला थेरपिस्ट करून टाकायची फार घाई असते. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा दिवस बघा. पहाटे उठून कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, स्वयंपाक, मग फडात मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या, रात्री-अपरात्री गाडी आली तर भरायला उठायचं. या बाईला ‘रोज एक तास मुलाशी खेळा’ असं सांगणं हा सल्ला नाही, टोमणा आहे. म्हणून वेगळा तास मागू नका. आंघोळ, जेवण, कपडे घालणं आणि झोपवणं ही कामं कुणालातरी करावीच लागतात. त्यांतलीच पाच-पाच मिनिटं धरा. आणि ती एकटीची नकोत. आंघोळ बापाने घालावी. बरणीचा खेळ आजोबांनी खेळावा. बापाला हे येत नाही असं म्हणणाऱ्यांना सांगतो, बाप बरेचदा जास्त चांगलं करतो, कारण तो कमी बोलतो.

मोठ्या बहिणीवर मात्र हे टाकू नका. ऑटिझम असलेल्या भावाला सांभाळायला नऊ-दहा वर्षांच्या पोरीची शाळा सुटते, आणि घरात कुणाला ते खटकतही नाही. शिक्षकांनी तिच्या गैरहजेरीचं कारण घरी जाऊन विचारावं.

शेजाऱ्यांना एकच काम सांगतो. आठवड्यातून दोन दिवस तासभर या मुलाला सांभाळा, म्हणजे त्याची आई झोपेल. समुपदेशनाइतकंच हे मोलाचं आहे. तिची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, ‘आम्ही दोघं नसतो तर बरं’ असं ती बोलून गेली असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर तिला फोन लावून द्या. तिथे मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आता चिठ्ठीतला प्रश्न: फडावर न्यायचं की गावी ठेवायचं? याला सरसकट उत्तर नाही, पण माझा कल सांगतो. आजीचे हातपाय चालते असतील, मुलाला तिची सवय असेल आणि अंगणवाडी रोज भरत असेल, तर गावी ठेवा. ओळखीची जागा आणि ठरलेला दिवस यांचा या मुलांना मोठा आधार असतो. पण आजी त्याच्यामागे धावू शकत नसेल तर न्या. मग त्याची तीच गोधडी, तीच ताटली, तेच झाकण बरोबर घ्या. कोपी रस्त्यापासून आणि पाण्यापासून लांब पडेल असं मुकादमाला आधीच सांगा. स्थलांतराची नोंद गावच्या अंगणवाडीत करून जा, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत आहार आणि लसीकरण मिळायला अडचण येणार नाही. मोठ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, पण न बोलणाऱ्या मुलाला तिथे ठेवण्याआधी त्याच्याकडे नेमकं कोण बघणार हे नाव घेऊन विचारा.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. ही मुलं गुपचूप निघून जातात, धोका कळत नाही, आणि पाण्याची ओढ अनेकांना असते. कठडा नसलेली विहीर, कालवा, शेततळं, मागे येणारी ट्रॉली. शर्टाच्या आत फोन नंबर शिवून घ्या. मूल दिसेनासं झालं तर आधी पाणी शोधा, मग रस्ता. कामाच्या वेळी लेकराला दोरीने बाजेला बांधणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांना रागावणं सोपं आहे. त्या फडावरच्या पाच-सहा कोयत्यांनी मिळून एका बाईला मुलांपाशी बसवलं आणि तिची मजुरी वाटून घेतली, तर दोरी आपोआप सुटते. मुकादमांनी मनावर घेतलं तर हे एका हंगामात जमेल.

कागदांचं काम निघण्याआधी उरका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे, त्यांत ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करायचा आणि मग जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. तिथे ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात, म्हणून मूल घरी कसं वागतं हे जो रोज बघतो त्यानेच सोबत जावं. लहान मुलांना आधी तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त लिहिलेलं असेल तर एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, शाळेतल्या सोयी, ही दारं उघडतात. कायद्याने अशा मुलांना ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, ‘आमच्याकडे जमणार नाही’ हे उत्तर शाळेला देता येत नाही. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना ऑटिझमसाठीही आहे. तिची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये असून थेरपीचा खर्चही त्यात धरतात. एवढ्या फेऱ्या आई एकटी मारू शकत नाही. गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराने तिचा अर्ज भरून दिला आणि तपासणीच्या दिवशी सोबत गेला, तर निम्मं काम होतं.

शेवटी पैशांचं. शेत विकून ‘स्टेम सेल’ उपचार करून आलेली कुटुंबं मला भेटतात. ऑटिझमसाठी हा उपचार भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मान्य केलेला नाही. उच्च दाबाचा ऑक्सिजन, शरीरातलं ‘विष’ काढणारी औषधं, महागडे आहार यांच्याही नादी लागू नका. ‘मूल पूर्ण बरं करतो’ असं म्हणणारा भगत असो की वातानुकूलित दवाखान्यातला डॉक्टर, उठून या. ऑटिझम बरा करणारं औषध नाही. पण त्यासोबत येणाऱ्या फिट्स, झोप न लागणं, बद्धकोष्ठ, किडलेले दात, माती खाणाऱ्या मुलातला पंडुरोग, या सगळ्यांवर तालुक्याच्या ठिकाणीही इलाज होतो. न बोलणारं मूल अचानक डोकं आपटू लागलं तर आधी त्याचे कान, दात आणि पोट तपासून घ्या. फिटची गोळी चालू असेल तर हंगाम संपेपर्यंत पुरेल एवढी सोबत न्या आणि चिठ्ठीवर औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून घ्या. तिकडच्या डॉक्टरला तेच विचारावं लागतं.